जामखेडची आरोग्य कार्यकर्ती कशी घडते?

■ सुरुवात : डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांचा जामखेडमधील ग्रामीण आरोग्य प्रकल्प, १९७०. दोघांना १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार.

■ निवड : गावातलीच बाई. शिक्षणाची अट नाही. पहिल्या पिढीतल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते.

■ प्रशिक्षण : एकदाच उरकायचे नाही. जामखेडला पुन्हा पुन्हा मुक्कामी यायचे, गावातल्या अडचणी मांडायच्या, एकमेकींकडूनही शिकायचे.

■ कौशल्ये : गरोदर बाईची तपासणी, सुरक्षित बाळंतपण, मुलांची वजने, कुष्ठरोगाचा बधिर चट्टा ओळखणे. जुलाबावर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ.

■ मर्यादेचे भान : धोक्याचे लक्षण दिसताच रुग्णाला दवाखान्यात पाठवायचे.