वारीची ऊब : घोंगडीचा धागा तुटू नये

ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून प्रस्थान ठेवणारी तुकोबारायांची पालखी पुणे, लोणी काळभोर असे मुक्काम करीत दौंड तालुक्यात येते. यवत आणि वरवंड ही तिच्या मुक्कामाची गावे. मृगाच्या सरींत या वाटेने चालणाऱ्या वारकऱ्याच्या खांद्यावर पूर्वी पताकेइतकीच हमखास दिसणारी वस्तू म्हणजे काळी घोंगडी. पाऊस आला की डोक्यावर तिची खोळ, रात्री तेच अंथरूण, पहाटे तेच पांघरूण, आणि काकड्याच्या वेळी तेच आसन! संतवाङ्मयात घोंगडीला रूपकाचा मान मिळाला तो उगीच नव्हे. आज खोळीची जागा प्लास्टिकच्या कागदाने घेतली आहे.

दौंड आणि शेजारचा शिरूर हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेचे. भीमा आणि घोड या नद्यांच्या काठी, खुरट्या गवताच्या माळांवर दख्खनी मेंढी वाढली. काटक, लांब चालणारी आणि काळ्या, राठ लोकरीची अशी ही जात. धनगराने मेंढरे राखावीत, वर्षातून दोनदा त्यांची लोकर कातरावी, घरातील बायकांनी ती पिंजून कातावी आणि सनगर अथवा खुटेकर विणकराने मागावर घोंगडी विणावी, अशी ही साखळी होती. मुठा उजवा कालवा, घोड धरण आणि चासकमानच्या पाण्याने माळ हिरवे झाले, ऊस आला. गावाची भरभराट झाली, पण चराईची राने आक्रसली. मांसाला भाव आल्यामुळे जत तालुक्यातील माडग्याळ जातीच्या थोराड मेंढ्यांकडे ओढा वाढला; त्यांना लोकर कमी. त्यातच पानिपतच्या स्वस्त ब्लँकेटांनी आठवडी बाजार भरून गेले. परिणाम असा की, ज्या लोकरीवर एके काळी घर चाले, ती कातरण्याचीच मजुरी आता अंगावर पडते आणि कित्येक ठिकाणी लोकर टाकून दिली जाते.

घोंगडी कशी होते हे पाहिले, म्हणजे तिच्या किमतीबद्दल घासाघीस करण्याचे धाडस होणार नाही. दख्खनी मेंढीपासून वर्षाकाठी जेमतेम अर्धा किलोच्या आसपास लोकर मिळते; एका घोंगडीला दोन-तीन किलो लागते. म्हणजे पाच-सहा मेंढ्यांची वर्षभराची लोकर एका पांघरुणात जाते. ती निवडायची, पिंजायची, कातायची, ताणा करून त्याला चिंचोक्याची खळ लावायची, कुंचा फिरवायचा आणि मग खड्ड्याच्या मागावर बसायचे. कोकराच्या पहिल्या कातरणीची, म्हणजे जावळाची लोकर सर्वांत मऊ. तिच्या घोंगडीला मान अधिक.

या सर्व कामांत विणण्यापेक्षा कातण्यालाच अधिक वेळ लागतो, आणि नेमके तेच काम हिशेबात धरले जात नाही. घरच्या आजीने कातले, म्हणून ते फुकट! या हिशेबानेच धंदा बुडाला, असे म्हटले तरी चालेल. सून कातायला बसत नाही, कारण त्यात तिला रोज पडत नाही. सूत नाही म्हणून माग थांबतो. तेव्हा कोणी हा व्यवसाय नव्याने मांडू इच्छीत असेल, तर त्याने पहिले कलम लिहावे ते कातणारणीच्या मजुरीचे. मग लोकर, पिंजण, विणाई, ने-आण आणि शेवटी आपला नफा. या बेरजेने येणारी किंमत ब्लँकेटाहून बरीच अधिक होईल. परंतु ती सांगताना संकोच नको. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे एक तृतीयांश ओलावा शोषूनही ओली लागत नाही. हा गुण ॲक्रिलिकमध्ये नाही, हे गिऱ्हाइकास समजावून सांगावे.

ज्यांच्याकडे माग नाही, त्यांनाही वाट आहे. दोन सुयांवरचे विणकाम आपल्या मायबहिणींना ठाऊक आहेच. हे हातसूत राठ असते. स्वेटर किंवा कानटोपीला ते टोचेल. परंतु दुपेडी करून जाड सुयांवर विणले, तर पूजेची आसने, पिशव्या, उशांचे अभ्रे उत्तम होतात. आधी वीतभर नमुना विणावा, तो धुऊन किती आटतो ते पाहावे, मगच टाके ठरवावेत. काळा, करडा, पांढरा हे मेंढीचे रंगच पुरेत. रंगाचा खर्च नाही.

भांडवलासाठी 2008 पासून सुरू असलेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात अथवा खादी व ग्रामोद्योग मंडळाकडे करावी. मेंढपाळांसाठी 1978 साली स्थापन झालेल्या शेळी-मेंढी विकास महामंडळाचे मुख्यालयही पुण्यातच आहे. विक्रीला पुण्याची भीमथडी जत्रा आहे. आणि भीमथडी हे तर या मुलखाचेच जुने नाव!

आषाढीला पांडुरंगाच्या भेटीस निघालेली वाट दौंडच्या माळावरून जाते. त्या माळावरची लोकर उकिरड्यावर जाऊ नये, एवढे तरी आपल्या हाती आहे. या वर्षी घरच्या देवापुढे एक लोकरीचे आसन घालावे, आणि ते विकत घेताना कातणाऱ्या हातांचे मोल पुरते चुकवावे. हीही एक सेवाच होय.