दादरा बांधलेली बरणी

आश्विनातल्या अष्टमीला उज्जैनचे जिल्हाधिकारी चौबीस खंबा माता मंदिरात महामाया आणि महालया या देवींना मद्याचा नैवेद्य दाखवतात. मग तळाला बारीक भोक पाडलेल्या मडक्यातून दारूची धार सोडत मिरवणूक निघते आणि सुमारे २७ किलोमीटर चालून चाळीसेक देवी-भैरवांची पूजा करते. प्रथा विक्रमादित्याची, असं गावात सांगतात. भैरवगडच्या काळभैरवाला तर मद्य रोजच. पुजारी बशी देवाच्या ओठांना टेकवतो, बशी रिकामी होते आणि उरलेली बाटली प्रसाद म्हणून भक्ताच्या हाती परत येते.

याच उज्जैनमध्ये १ एप्रिल २०२५ पासून दारूचं दुकान नाही. जानेवारीत महेश्वरला मध्य प्रदेशच्या मंत्रिमंडळाची बैठक झाली, तीत १७ धार्मिक शहरांतली दारूविक्री बंद करण्याचा निर्णय झाला आणि त्या यादीत उज्जैनचं नाव होतं. देवाचा नैवेद्य चालू राहिला. बाटली तेवढी बाहेरून आणावी लागते.

अशा गावात घरी बिअर गाळण्याच्या छंदाविषयी लिहायचं म्हणजे पंचाईतच. पण हा विषय इथल्या मराठी घरांतही आता निघतो. शिंद्यांची राजधानी ग्वाल्हेरला हलण्याआधी उज्जैनलाच होती आणि महाकालाच्या मंदिराचा जीर्णोद्धार अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी केला, तेव्हा मराठी माणूस इथे नवा नाही. नव्या पिढीतली मुलं शिकायला, नोकरीला परदेशी जातात. तिथे कुणा सहकाऱ्याच्या गॅरेजात काचेच्या बुधल्यात काहीतरी फसफसताना बघतात, दोन बाटल्या घेऊन घरी येतात आणि पुढच्या सुट्टीत आईच्या स्वयंपाकघरात उभं राहून विचारतात, ‘हे इथे करता येईल का?’

तिकडे तो राजरोस छंद आहे. ब्रिटनने १९६३ मध्ये घरगुती बिअरवरची परवान्याची अट काढली. अमेरिकेत ऑक्टोबर १९७८ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी कायद्यावर सही केली आणि दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरच्या वर, बिअर करमाफ झाली. अट एकच, विकायची नाही. त्याच वर्षी कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी चार्ली पपाझियन या शाळामास्तराने साथीदारासह घरी बिअर करणाऱ्यांची संघटना काढली. विकायला बंदी असल्यामुळे एक गंमत झाली. केलेली बिअर वाटण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. वाटली की लोक नावं ठेवतात, कृती विचारतात आणि त्यांतला एखादा स्वतः करायला लागतो. छंद पसरला तो असा.

इथलं उत्तर मात्र स्पष्ट ‘नाही’ असं आहे. मध्य प्रदेशात १९१५ चा अबकारी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य करणं हा गुन्हा आहे, मग ते पाच लिटर असो की पाचशे. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा तेच सांगतो. मध्य प्रदेशातल्या आदिवासींना घरच्यापुरती मोहाची दारू ठराविक प्रमाणात काढायची मुभा आहे. अलिराजपूरच्या भिलाला बायकांच्या बचत गटाची मोहाची दारू तर आता सरकारी धोरणानुसार बाटलीबंद होऊन ‘वारसा मद्य’ म्हणून विकली जाते. उज्जैनमधल्या हौशी माणसाला मात्र या सवलतीचा काही उपयोग नाही.

खरं तर आपल्याकडे याबाबत पूर्वी जरा जास्त मोकळीक होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाचा अधिकारी आहे आणि त्याचे नियम कडक आहेत. तरी कुटुंबवत्सल माणसाला घरच्या कार्यासाठी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट करायला तिथे परवानगी आहे. उत्सव आणि यात्रांच्या वेळी चार दिवस सूट आहे. ‘मेदक’ नावाच्या मद्याची कृती मापासकट दिली आहे: एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ, तीन प्रस्थ किण्व. मुंबईचे प्राध्यापक र. पं. कंगले यांनी या ग्रंथाची चिकित्सक संहिता १९६० मध्ये प्रसिद्ध केली; त्यातलं हे प्रकरण पाककृतीच्या पुस्तकासारखं वाचता येतं. त्यातला ‘किण्व’ हा शब्द महत्त्वाचा. किण्व म्हणजे आंबवणारं मूळ, आपल्या भाषेत विरजण.

इथे या छंदाचं खरं मर्म सापडतं. बिअर करणाऱ्याला विचारा, त्याला चढण्यात फारसा रस नसतो. तेवढंच हवं असतं तर दुकान सोपं. त्याला बुडबुडे मोजायचे असतात. काल गोड होतं ते आज आंबट का झालं, हे कोडं सोडवायचं असतं. ती मजा मद्यावाचूनही मिळते आणि उज्जैनमध्ये तिच्यासाठी कुठे लांब जावं लागत नाही. माळव्यात ती कांजीच्या बरणीत आहे.

पुण्या-मुंबईहून आलेला पाहुणा ‘कांजी घ्या’ ऐकून दचकतो, कारण त्याच्या लेखी कांजी सुती साडीला करतात. माळव्यातली कांजी म्हणजे फेसलेल्या मोहरीचं आंबवलेलं पाणी. मुगाचे वडे तळून, कोमट पाण्यात भिजवून, पिळून त्यात सोडले की ‘कांजी बडा’. उन्हाळ्याच्या तोंडावर ते हमखास होतात. थंडीत त्याच पाण्यात काळी गाजरं पडतात आणि पेल्यात जांभळट लाल, आंबट, नाकात झणका मारणारं पेय उतरतं.

नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी. अर्धा किलो काळी गाजरं धुऊन बोटाएवढे तुकडे करा. दोन लिटर पाणी उकळून पूर्ण गार करा. त्यात दोन मोठे चमचे मोहरीची भरड पूड, सुमारे ४० ग्रॅम मीठ आणि चमचाभर तिखट घाला. चार लिटरची चिनी मातीची किंवा काचेची बरणी कोरडी करून तीत सगळं भरा. तोंडाला स्वच्छ फडक्याचा दादरा बांधा आणि बरणी दिवसा गच्चीत उन्हाला, रात्री स्वयंपाकघरात ठेवा. रोज एकदा कोरड्या लाकडी चमच्याने ढवळा. बस.

पाणी गार का? मोहरीचा झणका दाण्यात तयार नसतो. दाणा फुटून ओला झाला की त्यातलं विकर काम सुरू करतं आणि तो तिखटपणा जन्माला येतो. उकळतं पाणी ओतलं तर विकर मरतं आणि मोहरी नुसती कडवट लागते. मोहरी गार पाण्यात फेसायची, हे आजीला रसायनशास्त्र न शिकता माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी फारसं काही दिसत नाही आणि नवा माणूस इथेच धीर सोडतो. तिसऱ्या दिवशी बरणीला कान लावला तर बारीक चुरचुर ऐकू येते. गाजराच्या सालीवर मुळात असलेले जिवाणू त्यातली साखर खाऊन लॅक्टिक आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड सोडत असतात. मीठ सडवणाऱ्या जंतूंना दूर ठेवतं आणि आंबट करणाऱ्यांना चालतं. या सगळ्याचा पुरावा डोळ्यांपुढे असतो: काळ्या गाजरातलं रंगद्रव्य आम्ल वाढेल तसं जांभळ्याचं लाल होत जातं. प्रयोगशाळेतला लिटमस कागद म्हणतात तो हाच खेळ. उज्जैनच्या जानेवारीत कांजीला चार-पाच दिवस लागतात, होळीच्या सुमारास दोन-तीन पुरतात. चव जमली की बरणी फ्रिजमध्ये टाकायची, नाहीतर आंबटपणा थांबत नाही.

बिघडतंही. वर पातळ पांढरी साय धरली तर ती काढून टाकावी, घाबरण्याचं कारण नाही. हिरवी, काळी किंवा लोकरीसारखी बुरशी दिसली तर मात्र चमच्याने बाजूला करून पिण्याचा शहाणपणा करू नये. अख्खी बरणी ओतून द्यावी. पाणी तार धरू लागलं, बुळबुळीत झालं तरी तेच. मीठ अंदाजाने घालण्याऐवजी काट्यावर मोजलं तर असे प्रसंग कमी येतात. आणि भरपूर साखर व यीस्ट घालून ‘जरा रंगत आणू’ असा मोह झाला तर आवरावा. मग ती कांजी राहत नाही. देशाच्या अन्नसुरक्षा नियमांत ०.५ टक्क्यांच्या वर मद्यार्क असलेलं पेय मद्यच ठरतं.

एकदा कांजी जमली की माणूस थांबत नाही, असा अनुभव आहे. नाचणीचं आंबील, तांदळाचं आंबवण, मग परदेशी कोंबुचा. आलं-साखरेचं फसफसतं पेयही अनेक जण करून बघतात, पण त्याला घट्ट बुचाची काचेची बाटली वापरू नये. वायूच्या दाबाने ती फुटते आणि काचा छतापर्यंत जातात. या पेयाची एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये ते ज्या विरजणाने करत, त्याला ‘जिंजर बिअर प्लांट’ म्हणत. पांढरट, अर्धपारदर्शक दाणे. ते बाजारात मिळत नसत. शेजारणीकडून शेजारणीकडे जात. हॅरी मार्शल वॉर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९२ मध्ये दाखवलं की त्यात एक यीस्ट आणि एक जिवाणू एकमेकांना धरून राहतात. शास्त्रज्ञाच्या टेबलावर पोचण्याआधी कितीतरी वर्षं ते असं हातोहात जगत आलं होतं.

आपल्याकडे वाटीभर विरजण मागायला शेजारी जाण्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. कांजीचंही तसंच करता येतं. जुन्या कांजीचं पेलाभर पाणी नव्या बरणीत घातलं की ती एक-दोन दिवस आधीच तयार होते. म्हणून शिकवायचं असेल तर नुसती कृती लिहून देऊ नये. छोट्या बाटलीत कांजी द्यावी, अर्धी प्यायला, अर्धी नव्या बरणीत ओतायला. आणि पहिली बरणी फसली म्हणून सांगत आलेल्याला हसू नये. आपली कितवी बरणी जमली होती ते आठवावं.

काळी गाजरं थंडी सरली की बाजारातून जातात. त्यानंतर सुरुवात करायची झाली तर लाल गाजरं आणि एक बीट घ्या. रंग थोडा वेगळा येईल, झणका तोच. चिनी मातीची बरणी कुणाला भरून दिलीत तर परत मात्र मागून घ्या.