श्वानांचे त्वचारोग : आधी निदान, मग उपचार

केस झडलेला, अंगावर खपल्या धरलेला कुत्रा दिसला की ‘याला लूत लागली’ असे म्हणून त्यास दगड मारून हाकलले जाते. काही वेळा तो पिसाळल्याच्या समजुतीने त्याचा जीवही घेतला जातो. वस्तुतः केस झडणे हे पिसाळण्याचे लक्षण नव्हे, आणि बहुतेक त्वचारोग योग्य उपचाराने बरे किंवा आटोक्यात येतात. त्यांपैकी काही रोगांचा संसर्ग माणसांसही होत असल्याने हा प्रश्न सार्वजनिक आरोग्याशीही निगडित आहे.

लक्षणे व कारणे

ऋतुमानानुसार कुत्र्याचे जुने केस गळून नवे येतात. हा रोग नव्हे. मात्र केस जाऊन कातडी उघडी पडली, ती लाल झाली अथवा दुर्गंधी येऊ लागली, तर कारण शोधले पाहिजे.

लूत किंवा खरूज हा सूक्ष्म किडींमुळे होणारा रोग आहे. किडीची मादी त्वचेत बोगदे करून अंडी घालते. कानांच्या कडा, कोपरे व पोट येथे असह्य खाज सुटते. हा रोग एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे झपाट्याने पसरतो. माणसासही त्यामुळे काही काळ खाज व पुरळ येऊ शकते. दुसऱ्या प्रकारची कीड केसांच्या मुळाशी राहते. ती पिल्लांस आईकडून मिळते आणि प्रतिकारशक्ती क्षीण झाली की बळावते. डोळ्यांभोवती व पुढच्या पायांवर चट्टे पडतात. परंतु माणसास तिचा संसर्ग होत नाही.

गजकर्ण हा बुरशीजन्य रोग असून त्यात केस जाऊन गोलसर चट्टे पडतात. पिल्लांशी खेळणाऱ्या मुलांस तो सहज होतो. शेपटीच्या मुळाशी व कमरेवर केस जात असतील, तर पिसवांचा संशय घ्यावा. खाज नसताना शरीराच्या दोन्ही बाजूंचे केस सारखेच विरळ होत असल्यास ग्रंथींच्या विकाराची तपासणी आवश्यक ठरते. नागपूरच्या कडक उन्हाळ्यानंतर येणाऱ्या दमट पावसाळ्यात बुरशी व जंतुसंसर्गास पोषक वातावरण मिळते.

उपचार

रोग दिसण्यात सारखे असले तरी त्यांचे उपचार भिन्न आहेत. त्वचा खरवडून घेतलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास अनेकदा किडीचा छडा लागतो. किडीवर आज तोंडाने देण्याची, टोचण्याची व त्वचेवर लावण्याची परिणामकारक औषधे उपलब्ध आहेत. ज्या संशोधनातून आयव्हरमेक्टिन हे औषध निर्माण झाले, त्याबद्दल विल्यम कॅम्पबेल व सातोशी ओमुरा यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. तथापि कोली जातीच्या अनेक कुत्र्यांस हेच औषध अधिक मात्रेत प्राणघातक ठरू शकते. म्हणून ते परस्पर देऊ नये. खाज थांबविण्यासाठी स्वतःच्या मनाने दिलेल्या स्टेरॉइडमुळे केसांच्या मुळाशी राहणारी कीड उलट वाढते.

यंत्राचे जळके तेल चोपडणे किंवा शेतातील कीटकनाशक फवारणे हे उपाय घातक आहेत. कुत्रा अंग चाटत असल्याने विष थेट पोटात जाते. एका मात्रेने बरे वाटले तरी उपचार थांबवू नयेत. शिल्लक अंड्यांतून पुन्हा किडी निघतात. पिसवांची अंडी व कोष तर अंथरुणात आणि जमिनीच्या भेगांत असतात. म्हणून कुत्र्याबरोबर त्याची जागाही स्वच्छ करावी.

सेवा आणि जबाबदारी

१९५८ मध्ये स्थापन झालेले नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय सेमिनरी हिल्स परिसरात आहे. २००० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे ते घटक महाविद्यालय असून तेथील चिकित्सालयात कुत्र्यांवर उपचार केले जातात. ग्रामीण भागात नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा सल्ला घ्यावा.

केंद्र शासनाच्या २०२३ च्या नियमांनुसार मोकाट श्वानांचे निर्बीजीकरण व रेबीज प्रतिबंधक लसीकरण ही स्थानिक संस्थांची जबाबदारी आहे. त्यासाठी पकडलेल्या कुत्र्यांची त्वचाही त्याच वेळी तपासून घेतल्यास गावातील लुतीचा फैलाव रोखता येईल. कुत्रे हाताळल्यावर हात धुण्याची सवय शिक्षकांनी मुलांस लावावी. कोणताही कुत्रा चावल्यास, तो निरोगी दिसत असला तरी, जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवून त्वरित रुग्णालय गाठावे. रोगी कुत्र्यास हाकलल्याने रोग हटत नाही. तो शेजारच्या वस्तीत जातो.