फास कूसीच्या रानातला

साल १२५९. उत्तर फ्रान्समधल्या एका मठात शिकायला आलेली उमरावांची तीन मुलं धनुष्यबाण घेऊन सशांच्या मागे लागली आणि भलत्याच्याच रानात शिरली. रान होतं कूसीच्या सरदाराचं, चौथ्या आँगेराँचं. त्याने चौकशीची भानगडच ठेवली नाही, तिघांना फासावर लटकवलं. आपल्या हद्दीत आपणच राजा, हा त्या घराण्याचा पिढीजात समज.

तो समज अगदीच पोकळ नव्हता. ९८७ मध्ये ह्यू कापे गादीवर आला, तेव्हा राजाचा हुकूम पॅरिस-ऑर्लेआँच्या पट्ट्यापलीकडे फारसा चालत नसे. त्या पट्ट्यातही गढ्यांचे मालक वाटसरूंना लुटत. याच कूसी घराण्यातल्या तोमा द मार्लला वठणीवर आणायला राजा सहाव्या लुईला पुन्हा पुन्हा फौज काढावी लागली. ११३० मध्ये तोमा जखमी होऊन हाती लागला, तेव्हा कुठे ते प्रकरण मिटलं.

पुढे राजांच्या फौजा वाढल्या, हे खरंच. पण त्यांची खरी हुशारी दिसते ती सरदारांचाच कायदा सरदारांवर उलटवण्यात. इंग्लंडचा राजा जॉन हा नॉर्मंडीसह फ्रान्समधल्या आपल्या जहागिरींपुरता फ्रान्सचा राजा फिलिप ऑगस्टस याचा मांडलिक. ल्युझिन्याँच्या सरदाराशी वाङ्‌निश्चय झालेल्या मुलीशी जॉनने स्वतःच लग्न लावलं. सरदार दाद मागायला फिलिपकडे गेला, आणि फिलिपला तेच हवं होतं. १२०२ मध्ये जॉनला दरबारात हजर राहण्याचा हुकूम सुटला. जॉन फिरकला नाही. जहागिरी जप्त! आधी समन्स, मग वेढा. १२०४ मध्ये शातो गायारचा किल्ला पडला, पाठोपाठ रुआँ शहर.

शिवाय फिलिपच्या मुलखात कारभार पाहत ते पगारी अंमलदार, 'बायी'. राजा त्यांची बदली करी, हवं तेव्हा घरीही बसवी. थोडक्यात, वतन नव्हे, नोकरी.

आँगेराँला या बदललेल्या हवेचा पत्ता नसावा. तक्रार राजा नवव्या लुईपर्यंत गेली तेव्हा आँगेराँ आधी म्हणाला, माझा न्याय माझ्या बरोबरीचे उमरावच करतील. मग म्हणाला, द्वंद्वाने निकाल लावू. लुईने दोन्ही धुडकावलं. राजाच्या शिपायांनी त्याला धरून नेलं आणि लूव्रच्या किल्ल्यात कोंडलं. लुईला त्याला फाशीच द्यायची होती. इतर उमरावांच्या रदबदलीमुळे जीव वाचला, पण जबर दंड बसला, मेलेल्या पोरांसाठी प्रार्थनामंदिरं बांधणं भाग पडलं आणि रानातला न्यायनिवाड्याचा हक्कही गेला.

त्याच्या बापाने कूसीला बांधलेला पन्नास मीटरहून उंच बुरूज तेव्हा शाबूत उभा होता. लुईला त्याचा चिराही हलवावा लागला नाही.