काळ्या पेटीतला पाऊस

मृग जवळ आला की आपल्या दुधनीच्या आडत बाजारात एकच प्रश्न ऐकू येतो : यंदा पाऊस कसा? त्याचे उत्तर आता संगणक देतो. पण ते कसे काढले, हे पुष्कळदा सांगता येत नाही. माहिती आत जाते, उत्तर बाहेर येते. मधले काही दिसत नाही. अशा गणिताला ‘काळी पेटी’ म्हणतात.

पेटी न फोडता आतले ओळखायचे कसे? एक घटक बदलावा, बाकीचे स्थिर ठेवावेत व उत्तर किती बदलते ते पाहावे. ही रीत सोपी आहे, परंतु अपुरी आहे. समजा, तुरीच्या शेतात नुसत्या पाण्याने उत्पन्न एक क्विंटलने वाढले आणि नुसत्या खताने अर्ध्या क्विंटलने. दोन्ही दिल्यावर दीड क्विंटल वाढ अपेक्षित होती, झाली अडीच. हा वरचा एक क्विंटल एकट्या पाण्याचा नव्हे, एकट्या खताचाही नव्हे. तो दोघांच्या संगतीचा आहे. यालाच आंतरक्रिया म्हणतात. म्हणून घटक जोडीने बदलून पाहावे लागतात. घटक सोळा असले, तर जोड्या १२० होतात.

सोळा हा आकडा उगीच घेतलेला नाही. डॉ. वसंत गोवारीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा घटकांवरून मान्सूनचे भाकीत करण्याचे सूत्र मांडले. १९८८ पासून हवामान खाते ते वापरू लागले. २००२ साली भाकीत सरासरीच्या १०१ टक्क्यांचे होते. पाऊस पडला ८१ टक्के. २००३ साली सूत्र बदलण्यात आले.

वास्तविक १९९७ चा एल निनो २००२ पेक्षा कितीतरी प्रबळ होता. तरी त्या वर्षी पाऊस १०२ टक्के झाला. डॉ. सुलोचना गाडगीळ व सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवले, की एल निनोच्या जोडीने विषुववृत्तालगतच्या हिंदी महासागरावरील ढग-वाऱ्यांची स्थितीही पाहावी लागते. ती १९९७ साली अनुकूल होती, २००२ साली प्रतिकूल. एका घटकाचा परिणाम दुसरा झाकून टाकतो किंवा त्यात भर घालतो, तो असा.

कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी बियाण्याचा पैसा एकदाच उभा राहतो. म्हणून यंत्राने ‘पाऊस चांगला’ म्हटले, तर आपण सुशिक्षितांनी पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे : कोणत्या कारणाने, आणि कोणत्या कारणाच्या जोडीने?