रबरी पट्टा आणि बारबेल

बारबेल खांद्यांवर घेऊन बैठक मारताना वजन सर्वत्र सारखेच असते. उठण्याचे बळ मात्र तसे नसते. मांड्या जमिनीला समांतर असताना उठणे कठीण जाते, आणि गुडघे सरळ होऊ लागले की तोच भार हलका वाटतो. त्यामुळे वरच्या टप्प्यात स्नायूंना पुरेसे काम मिळत नाही.

ही उणीव रबरी पट्ट्यांनी भरून निघते. पट्ट्याचे एक टोक जमिनीलगत पक्के बांधतात, दुसरे दांडीला अडकवतात. पट्टा जसजसा ताणला जातो, तसतशी त्याची ओढ वाढते. समजा, दांडीचे वजन ६० किलो आहे आणि पट्ट्यांची ओढ तळाशी ५ व माथ्याशी २० किलोइतकी आहे. तर भार ६५ पासून ८० किलोपर्यंत चढत जातो. अमेरिकेतील कोलंबस येथील प्रशिक्षक लुई सिमन्स यांनी या पद्धतीचा मोठा प्रसार केला.

परंतु खाली बसू लागताच हाच पट्टा दांडीला वेगाने खेचतो, आणि तुटला तर चाबकासारखा उसळतो. म्हणून नवशिक्याने साध्या बारबेलवर बैठक पक्की करावी. मगच पट्टा जोडावा, आणि तो चिरलेला नाही ना, हे दरवेळी पाहावे.