हंगामाचं पहिलं मैदान: सातारा की सांगली?

पावसाळा सरला की कुंडलसारख्या कुस्तीच्या मैदानांचे वेध लागतात. सातारा-सांगलीची जोड लागली, की मॅटवर गाजलेल्या पैलवानालाच लोक आधी कौल देतात. ते घाईचं आहे. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, गुणांची आघाडी राखली की भागतं. मातीत निकाली कुस्ती म्हणजे पाठ टेकवणं. तिथं दम लागतो. ताक, तेल, हळद मुरलेल्या मातीत पाय रुततो, पटात घुसायचा वेग घटतो, घिस्सा मारणारा भारी पडतो. मॅटवाला चपळ असतो हे खरं, पण चपळाई दमापुढं फार टिकत नाही. शिवाय आखाडा बदलला की जम बसायला वेळ लागतोच: गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीतून मॅटवर गेले, १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले, कांस्य मिळालं १९५२ ला, हेलसिंकीत. म्हणून सुरुवातीच्या मैदानात माझा कौल रोज मातीत घुमणाऱ्यालाच, जिल्हा कुठलाही असो.